सोनवाडीची वाटी

“आत्या, तुझ्या लग्नात मला हळद कुनी लावली?”

मनकर्णानं विचारलं ते वाकल्या वाकल्याच. मुठीत शाळूची तीन ताटं, पाय फाकलेले, तोंड मातीकडं. समोरासमोर विचारायचा तिला धीर झाला नसता, आणि विचारलं नसतं तर सुगीची सुट्टी संपल्यावर आठ दिवस मलिकाच्या आणि बनूच्या घागरी तिलाच शेंदून द्याव्या लागल्या असत्या. शाळेमागच्या आडावर तशी पैजच लागली होती. सातवीत पोरी तीनच, त्यामुळं पैजा फार लागत आणि मोडता येत नसत.

पैज काढली मलिकानं. तिची आई मेहताब ही गावची मण्यारीण. खर्ड्याच्या आसपासच्या पाचपन्नास नवरीमुलींचे हात चुडा भरताना तिच्या हाताखालून गेलेले.

“अम्मा म्हनती,” मलिका म्हणाली होती, “तुझ्या आत्याला चुडा भराया बसली, तर नवरीची बोटं आधीच पिवळी. हळद तर लागायची हुती अजून. मग ती कुटनं आली?”

“मला काय म्हाईत?”

“मग इचार की आत्याला. दिपोटीसमोर तर लई वटवट करतीस.”

दिपोटीचं काढलं की मनू मागं सरणारी नव्हती. दिवाळीच्या आधी तपासणीला आलेल्या त्या साहेबासमोर तिनं नकाशावर छडी फिरवून गोदावरी उगमापासून मुखापर्यंत नेली होती, एकदाही न अडखळता. तेव्हापासून तिचा आवाज एक पट्टी वर गेला होता. आई म्हणे, घरात दोन माणसं वाढल्यासारखी वाटतात.

आत्याचा, छबूबाईचा, हात ताटांवर होता तिथंच राहिला. मग तिनं हिसका दिला. मुळं मातीसकट वर आली. तिनं ती पायावर आपटून झाडली आणि ताटं आडवी टाकली.

“तुझी तूच लावून घेतलीस,” ती म्हणाली. “दुसरं कोन लावंल?”

दोन ओळी पलीकडून, आपली पात धरलेली मनूची आई, साळूबाई, कंबरेवर हात देऊन उभी राहिली. उभं राहायला तिला काहीतरी निमित्त हवंच होतं.

“मला इचार की. मी आत आले तर ही बया पिवळीधमक. तोंड, गळा, पोट. डोळं तेवढं पांढरं. आन् वाटीत तळाला बोटाएवढी उरल्याली. नवऱ्याच्या अंगाची उष्टी हळद ती, सोनवाडीच्या करवल्यांनी जानवशावरनं मिरवत आनल्याली, आन् नवरीच्या अंगाला लागायच्या आधी हिनं संपवली. मी अशी लगावली हिच्या पाठीत, तवा कुटं जागी झाली.”

“जागी झाले? म्हंजे मी निजले हुते?”

“सोंग करत हुतीस. मग घरातली हळद कालवली, उरल्याली तिच्यात मिसळली, आन् लावली वन्सांला. करवल्या हसून हसून गडाबडा लोळल्या. दाजींनी तर मांडवात म्हनलं, माज्या दोन नवऱ्या हायेत, थोरली कुटली धाकली कुटली ते सांगा.”

साळूबाई हसली. छबूबाई हसली नाही. पलीकडच्या पातीला गोरक्ष, मनूचा बाप, पेंढ्या बांधत होता, त्यानं दातात धरलेला बंद काढून पेंढीला आवळला आणि म्हणाला, “ऊन चढायलंय. दंव हाय तवर हात चालवा.”

आठ वर्षं ही गोष्ट घरात हसण्यावारी होती. या माघात ती तशी राहिली नव्हती.

छबूबाई सुगीला म्हणून आली ती कापडाच्या बोचक्याबरोबर एक निरोप घेऊन आली होती. लग्नाला आठ वर्षं झाली, तिची कूस उजवली नव्हती. सोनवाडीला तिची सासू रंगुबाई आता पोराचं दुसरं लग्न करायला निघाली होती. परकी आणली तर ती छबूबाईला गोठ्यात बसवील हे उघड होतं. घरातलीच आणली तर गोष्ट वेगळी. आणि घरात मनू होती, चौदा पुरी झालेली. रंगुबाईचं म्हणणं साधं होतं: उष्टी हळद तर तिला लागलीच हाय, नुसत्या अक्षता ऱ्हायल्यात. हा निरोप छबूबाईनं भावाला सांगितला आणि खाली बघून आपलंही त्यात घातलं, “दादा, मनूला द्या. मी तिला सवतीसारखी वागवायची न्हाई.”

गोरक्ष हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. “सुगी हुंदी. सोमवारी दाजी खर्ड्याच्या बाजाराला यायचेत, तवा बोलू.”

शाळू उपटण्यात मनूचा हात घरात सगळ्यांत चलाख. तिची पात नेहमी दहा हात पुढं असे आणि ती वळून बाकीच्यांना चिडवत असे. आता ती उपटत होती ती प्रत्येक पात सोमवार जवळ आणत होती. हे ध्यानात आलं तेव्हा तिनं मुद्दाम मागं राहून बघितलं. पण अर्ध्या पातीतच हात तिचं ऐकेनात. तळव्यावरचे फोड फुटून त्यांवर चिंधी बांधलेली, ताटांच्या पानांनी मनगटं चिरलेली, तरी हात आपले पुढं पुढं जात होते. दुपारपर्यंत ती पुन्हा दहा हात पुढं होती.

जेवायला ते बांधावरच्या बाभळीखाली बसले. बाभळीच्या सावलीला जाळीसारखी भोकं. समोर दूर खर्ड्याच्या किल्ल्याचा बुरूज उन्हात पांढुरका दिसत होता. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. साळूबाईनं कांदा दगडावर ठेवून मुठीनं फोडला. तिच्या बांगड्या वाजल्या. छबूबाईनं भाकरी मोडली, तिच्याही वाजल्या.

मनूचा घास तोंडाशीच राहिला.

लग्न तिला आठवत होतं ते असं कधी सरळ नाही, तुकड्या तुकड्यांनी. वैशाख होता. धाब्याचं घर बाहेरून पांढऱ्या मातीनं सारवलेलं, त्यावर तिनंही ओल्या हाताचे पंजे उमटवलेले. बैलं शेजारच्या रानात नेऊन बांधलेली आणि त्यांच्या गोठ्यात आचारी बसलेले. लापशीला शेणाचा वास येईल म्हणून कोणीतरी भांडत होतं. दारातल्या मांडवाची मेढ रोवताना तिच्या मुळाशी टाकलेली सुपारी तिनं संध्याकाळी उकरून काढली होती आणि मार खाल्ला होता. सहा वर्षांच्या पोरीला लग्नात माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात. जोडव्यांचे पाय, भेगाळलेले पाय, करवल्यांचे आळता लावलेले पाय. ते सगळे पाय एकमेकांना तुडवत माजघरातून मांडवात आणि मांडवातून माजघरात जात होते. तिला कोणीतरी उचलून गोधड्यांच्या थप्पीवर टाकलं. वर धाब्यातून सुटलेली माती भुरभुरत होती. खाली गोधड्यांना घामाचा आणि पेटीतल्या कापडाचा वास. ती निजली.

मग गालावर गार.

एवढं तिला पक्कं आठवत होतं. उकाड्यात एकदम गार, ओलं. बोटं होती. गालावरून गळ्यावर, गळ्यावरून पोटावर, घाईघाईनं, एखादं भांडं बाहेरून राखेनं सारवावं तशी. डोळे उघडावेसे वाटले, पण झोप जास्त गोड होती. त्या घरात त्या दिवशी जो हात हलला तो वाजला. आईचा, करवल्यांचा, वाढणाऱ्या बायांचा. तो हात वाजला नाही.

बिनबांगड्यांची घरात चुलतआजी आक्काबाई होती. पण रांडवपण आलेल्या बाईला माजघरात फिरकू दिलं नव्हतं. अक्षता पडेपर्यंत ती परड्यात, कडब्याच्या गंजीच्या सावलीला, पाण्याचा तांब्या घेऊन बसून होती. मनूनंच तिला लापशी नेऊन दिली होती.

मग बिनबांगड्यांचा हात उरला तो एकच. जुन्या बांगड्या उतरवून नव्या चुड्याची वाट बघत बसलेल्या नवरीचा.

“खा की,” साळूबाई म्हणाली. “घास धरून काय बसलीस, कावळा न्यायची वाट बघतीस का?”

मनूनं घास खाल्ला. समोर छबूबाई चटणीत भाकरीचा तुकडा नुसताच फिरवत होती.

आईतवारी खुडणी निघाली. खळ्याच्या कडेला शाळूचं बुचाड रचलेलं, त्यातून ताटं ओढायची, विळा पायाखाली आडवा धरायचा आणि पात्यावर कणीस दाबून तोडायचं. साळूबाई घरी भाकऱ्या करायला गेली होती. गोरक्ष पलीकडं खळं शेणानं सारवत होता, ऐकू जाणार नाही इतका लांब. मनूनं दहा-बारा कणसं तोडली.

“आत्या, तुझ्या हातात तवा बांगड्या न्हवत्या.”

छबूबाईनं ताट ओढलं, कणीस दाबलं, तोडलं, टाकलं. दुसरं ओढलं.

“मेहताबनं सांगितलं व्हय?”

“तिनं बोटं पिवळी सांगितली. बांगड्यांचं मला माझंच आठवलं.”

“ती बघून काय बोलली न्हवती त्या दिशी. तेलाचं बोट फिरवलं माज्या बोटांवरनं आन् चुडा भरला. भली बाई.” छबूबाईनं विळा बाजूला ठेवला नाही. बोलता बोलता तिची कणसं पडतच होती. “आक्कानं आदल्या दिशी सांगितलं हुतं मला. म्हनली, उष्टी हळद अंगाला लागली की पोरगी त्यांची झाली, मग आईबापाचा हक्क संपला. मी पंधराची. मी म्हनलं, न्हाई लागली तर? ती म्हनली, तर कशी त्यांची? मग करवल्या वाटी ठिवून मांडवात गूळपानी प्याया गेल्या. सगळ्याच गेल्या. तू तेवढी निजल्याली.”

“मग मलाच का?”

“म्हनलं, हिला लागली तर हिला कोन नेनार हाय? एवढीशी तर हाय. आन् माजं ऱ्हाऊन जाईल.”

मनूला हसू येत होतं आणि ते यायला नको होतं. तिनं कणीस दाबलं.

“मग?”

“मग काय. अक्षता पडल्या, गाडी जुपली, न्हेलंच. कुनी हळद मोजत न्हाई ग.” छबूबाईनं पदरानं मानेवरची कुसळं झटकली. “आता आठ वर्सं. मढीला कानोबाला नवसाचा नारळ फोडून झाला. पिराला चादर झाली. वैद्याचा पाला खाऊन तोंड सोलटून निगालं. देवांचं काय चुकत न्हाई, माझंच चुकल्यालं हाय. लगीन मला लागलंच न्हाई. ज्याची हळद त्याचा संसार. मी आपली आठ वर्सं भाकरी थापाया गेल्ते.”

“असं कुटं असतंय?”

“मग आनिक कसं असतंय? तू सांग. साळा शिकतीस.”

मनूला नद्या सांगता आल्या असत्या.

“तुझ्या सासूला कळलं, हळद तू लावलीस, तर?”

“दावं सोडून हाकलून दील. म्हनंल, हिनंच घराचा वंश बुडवला.” छबूबाईनं पहिल्यांदा हात थांबवून तिच्याकडं बघितलं. “तू सांगनार हायस?”

मनूचा विळ्यावरचा अंगठा सरकला. रक्त आलं, कणसावर दोन थेंब पडले. एक वाक्य होतं. ते उद्या दाजींसमोर म्हटलं की हळदीचं सगळं लफडं संपलं आणि ती मोकळी. ती अंगठा तोंडात धरून बसली.

“घरी जा,” छबूबाई म्हणाली. “हळद दाब त्याच्यावर. आग हुईल, पर ऱ्हाईल.”

मनू घरी गेली. डब्यातली हळद चिमटीनं घेतली, जखमेवर दाबली. आग झाली. चुलीपुढं भाकरी थापत आई म्हणाली, “आता कशानं कापलं?” मनू अंगठ्याकडं बघत होती. घरात ही एकच हळद, आमटीची आणि अंगठ्याची आणि लग्नाचीही. ती कुणाच्या अंगावरून आली एवढाच काय तो फरक.

सोमवारी उन्हं वर यायच्या आत आत्याचा नवरा, कानिफनाथ, आला. मोठ्या हाडाचा, बत्तिशीतला, बोलायला जड माणूस. मनू त्याला मामा म्हणे. त्यानं खांद्यावरची पिशवी साळूबाईपुढं ठेवली. आत हिरवा खण होता.

“पोरीला,” तो म्हणाला. “आईनं दिलाय.”

साळूबाईनं खण देवळीत ठेवला. नको म्हणाली नाही. छबूबाईनं त्याला पाणी दिलं ते तांब्या जमिनीवर टेकवून, आणि ती आत वळली. ती आत जाईपर्यंत तो तिच्या पाठीकडं बघत होता, हे मनूनं दारातून बघितलं.

बाजाराला निघायचं सोडून तो खळ्यावर आला. अंगरखा काढून मेढीला अडकवला आणि बैलांमागं चालू लागला. कणसांवरून चार बैल गोल गोल फिरत होते, दाणे सुटत होते, भुसा उडून त्याच्या घामेजल्या पाठीवर चिकटत होता. गोरक्ष मागून कणसं उलथत होता. दोघं दोन तास बोलले ते बैलांबद्दल, पाण्याबद्दल, रॉकेलला लढाईपायी लागणाऱ्या चिठ्ठीबद्दल. मनू पाणी घेऊन गेली तेव्हा कानिफनाथानं ओंजळीनं पाणी प्यायलं, उरलेलं तोंडावर मारलं.

“कितवीत हायस?”

“सातवीत. परीक्षा हाय उन्हाळ्यात.”

“सोनवाडीत चौथीपतुरच हाय,” तो म्हणाला. दुःख नाही, कमीपणा नाही. विहिरीला पाणी किती हात आहे ते सांगावं तसं. मग थोड्या वेळानं, बैलाची शेपटी सोडून, “मी कुनाला काय म्हनल्यालं न्हाई. आईचं म्हननं हाय. छबूचं बी हाय.”

“आन् तुमचं?”

गोरक्षानं मान वर करून लेकीकडं बघितलं. कानिफनाथ बैलामागं निम्मा फेरा चालून गेला.

“मला भाकरी वेळेवर मिळती,” तो पलीकडून म्हणाला. “चांगली मिळती.”

मनू रिकामी घागर घेऊन घरी आली. साळूबाई जात्यावर होती, छबूबाई माजघरात सुपात डाळ पाखडत होती. मनूनं उतरंडीवरची तीन मडकी खाली उतरवली आणि सगळ्यांत खालच्या मडक्याच्या झाकणावरची वाटी काढली. काशाची, जड, काठाला ठोकून काढलेली सोनवाडीची खूण. हळदीची ती वाटी लग्नानंतर परत द्यायची राहून गेली. पहिली दोन वर्षं देऊ देऊ म्हणण्यात गेली, मग द्यायला लाज वाटू लागली, मग तिच्यात तेल ठेवू लागले. मनूनं ती राखेनं घासली. मग पाटा धुतला, हळकुंडं ठेचली आणि पाण्याचा हात लावून वाटायला बसली. अंगठा चुरचुरत होता.

“आज कशात घालायचीय एवढी?” साळूबाईनं जात्यावरून विचारलं.

“वाटून तरी हुंदी.”

दुपारी गोरक्ष आणि कानिफनाथ खळ्यावरून आले. कानिफनाथ दारासमोरच्या डोणीवर हातपाय धूत बसला. गोरक्ष आत येऊन भिंतीला टेकला, पटका सोडून गुडघ्यावर ठेवला. साळूबाईनं ताटं मांडायला घेतली. गोरक्ष बायकोला हळू म्हणाला, “जेवन झालं की बोलतील ते. काय सांगायचं?”

“मी सांगते,” मनू म्हणाली. ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, हातात वाटी. “आबा, आई, मी ठरवलंय.”

“तू ठरवलंस?” गोरक्ष म्हणाला.

“व्हय. मी सोनवाडीला जानार न्हाई. हळद माझी मीच लावून घेतली. मला सगळं आठवतंय. ल्हान हुते, हाताला गार लागली, लावली. पोरानं पाव्हन्याचा फेटा डोक्यावर घातला म्हनून ते काय नवरा हुतं का? तसंच हे.”

माजघरात सूप वाजत होतं ते वाजायचं थांबलं.

“हळू,” साळूबाई म्हणाली. “भाईर ऐकू जातंय.”

“जाऊंदी. आन् तुमाला, रंगुबाईंना, सगळ्यास्नी हळदीचंच खरं वाटत असंल तर ही घ्या. त्यांचीच वाटी, ताजी हळद. मामांनी आधी आपल्या अंगाला लावायची. उरंल ती उष्टी, ती आत्याला लावायची. माझ्यापायी तिची पुरी लागायची राहून गेल्ती. आठ वर्सं उशीर झाला, पर तिची तिला मिळंल.”

गोरक्षानं वाटीत बघितलं. बोट घालून हळद जरा वर घेतली, चोळली, पुन्हा काठाला पुसली.

“आन् वरीस-दोन वर्सांत काय न्हाई झालं तर?”

“तर तेंचं तेनी बघावं. पर मग हळदीचं नाव काढायचं न्हाई. माझं बी काढायचं न्हाई.”

साळूबाई माजघराच्या दाराकडं बघत होती. दारात छबूबाई उभी होती, सूप छातीशी धरून. तिच्या बांगड्या सुपाच्या काठावर बारीक वाजत होत्या. ती मनूकडं बघत होती आणि मनू तिच्याकडं बघत नव्हती.

“हे दाजींना मी कसं सांगू?” गोरक्ष म्हणाला. “मानूस हात धुतोय भाईर, जेवाया बसायचाय.”

“तुमाला जड जात असंल तर ऱ्हाऊंदी, मीच सांगते. हात धुतायत तवरच जाते, अंग बी ओलं हाय तेंचं,” मनू म्हणाली आणि वाटी पदराखाली धरून उंबऱ्याकडं निघाली. “आन् देवळीतला खण आत्याला शिवाया घाला, आई. मला परवापास्नं शाळा हाय.”